परड्याचा हिशेब : घरामागे भाजी पिकवायला नेमके किती पैसे लागतात

बेळगावजवळच्या कंग्राळीत एपीएमसीच्या बाजूने जा, नाहीतर वैभवनगराच्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जिथे भात आणि ऊस उभा असायचा तिथे आता तीस बाय चाळीसचे प्लॉट पडले आहेत. घर बांधून मागे आठ-दहा फुटांची पट्टी राहते. ती पट्टी बघून दर पावसाळ्याआधी कुणीतरी मला विचारतं, ‘इथं भाजी लावली तर परवडेल का?’ मी चौथ्या वर्षात आहे आणि पहिल्या दिवसापासून खर्चाची वही ठेवली आहे. तिच्या आधाराने या प्रश्नाचं रुपयांत उत्तर देतो. दर गेल्या तीन-चार वर्षांत बेळगाव परिसरात मी स्वतः मोजलेले आहेत. तुमच्या गल्लीत शंभर-दोनशे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण फारसं बदलणार नाही.

आधी जागा सांगतो. १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. माझ्या घरामागची पट्टी तीस फूट लांब आणि अकरा फूट रुंद, म्हणजे ३३० चौरस फूट, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी. त्यात तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब असे पाच वाफे बसले, मधून दीड-दीड फुटाच्या वाटा. उरलेल्या जागेत पाण्याची टाकी, खताचा खड्डा आणि न्हाणीच्या तोंडाला केळ. म्हणजे प्रत्यक्ष लागवडीखाली आलेली जमीन फक्त १५० चौरस फूट. ‘परड्यात भाजी’ म्हटलं की सगळी मोकळी जागा पिकाखाली येणार असं वाटतं. तसं होत नाही, निम्मीसुद्धा येत नाही.

पहिल्या वर्षाचा एकूण खर्च झाला ३३,९६० रुपये. या आकड्याला घाबरू नका, यातले निम्म्याहून जास्त पैसे वाचवता आले असते. कुठे, तेच सांगायचं आहे.

वहीतली जमा-खर्चाची पानं अशी. जागेतला विटांचा चुरा, काँक्रीटचे तुकडे आणि दगड काढायला दोन माणसं दोन दिवस, २,८०० रुपये, आणि तो राडारोडा उचलून न्यायला ट्रॅक्टर १,२०० रुपये. तांबडी माती एक ट्रॉली २,५००. शेणखत एक ट्रॉली ४,०००. वाफ्यांच्या कडेला पाडलेल्या घराची जुनी मंगलोरी कौलं, नग पाच रुपये दराने १६० कौलांचे ८००. हजार लिटरची टाकी ७,०००, तिच्या खालचा कट्टा २,५००, छपराचं पाणी टाकीत आणायला पन्हाळ आणि पाइप ३,०००. ठिबकच्या नळ्या, गाळणी, कॉक मिळून २,२००. बी आणि रोपं १,८००. वेलांच्या मंडपाला मेसकाठ्या आणि तार १,५६०. कुदळ, खुरपं, बुट्टी आणि हातफवारा १,३००. निंबोळी पेंड, गांडूळखत आणि थोडा चुना १,८००. माकडांसाठी आणि उन्हासाठी जाळी १,५००.

आता याच्याकडे जरा नीट बघा. माती आणि पाणी या दोनच गोष्टींवर २६,००० रुपये गेले. चार भागांतले तीन भाग. बियाण्याला शंभरातले पाच रुपये. दुकानात आपण उभे असतो ते बियाण्याच्या रंगीत पाकिटांपुढे, आणि पैसे जातात ते ट्रॉलीत आणि टाकीत. म्हणून निर्णय घ्यायचे ते या दोन ठिकाणी.

त्याआधी एक तपासणी मात्र करा, ती फुकट आहे. ऊन बघा. भाजीला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि दुपारी बारा वाजतासुद्धा तो क्षितिजापासून पन्नास-एक्कावन्न अंशांवरच असतो. बावीस फूट उंच दुमजली घराची सावली तेव्हा उत्तरेकडे जवळजवळ अठरा फूट पडते. तुमची मोकळी पट्टी घराच्या उत्तरेला असेल आणि दहा फूटच रुंद असेल, तर हिवाळाभर ती पूर्ण सावलीत राहणार. आणि आपल्याकडे भाजीचा खरा हंगाम हिवाळाच. मे महिन्यात त्याच पट्टीवर लख्ख ऊन असतं, ते बघून माणूस फसतो. दक्षिणेचा शेजारी उद्या वरचा मजला चढवणार असेल तर तोही विचार आताच करा. उत्तरेची पट्टी असेल तर तिथे अळू, हळद, आलं, पुदिना, कढीपत्ता एवढंच लावा आणि उरलेली हौस गच्चीवर भागवा. टोमॅटो-वांग्यांवर तिथे एक रुपयाही घालू नका.

मातीबद्दल. बेळगावच्या पश्चिमेला तांबडी जांभ्याची जमीन, पूर्वेला काळी. पण प्लॉटवर या दोन्हींपैकी काहीच नसतं. लेआउट पाडताना मुरूम पसरलेला असतो, घर बांधताना त्यावर सिमेंट आणि वाळू सांडलेली असते. हातभर खणलं की कुदळ ठणकते. म्हणून मी माती विकत घेतली, आणि तिथेच चुकलो.

ट्रॉली आली तेव्हा माती दिसायला सुरेख होती, तांबडी, भुसभुशीत. पंधरा दिवसांत वाफ्यावर हिरव्या सुया उगवल्या. मला वाटलं मेथी उगवली. शेजारच्या मावशी कुंपणाला टेकून बघत होत्या. त्यांनी एक सुई उपटली, खालची काळपट गाठ चिमटीत धरून मला दाखवली आणि म्हणाल्या, ‘लव्हाळा हाय ह्यो बाबा. माती नव्हं, दुखणं आणलंस.’ मी खुरप्याने खणत गेलो. एका गाठीतून काळा तारेसारखा दोरा निघाला, तो दुसऱ्या गाठीला गेला, तिथून तिसऱ्या. वीतभर जागेत अकरा गाठी मोजल्या. वर कापलं की खाली गाठ फुटते, आणि ओढलं की दोरा तुटून गाठ आतच राहते. दोन वर्षं मी दर रविवारी त्या गाठी चाळत बसलो आहे.

तेव्हा माती घेण्याआधी ती जिथून उचलणार तिथे स्वतः जा. वरचा थर हाताने उकरा. हरळीच्या मुळ्या किंवा लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर फुकट दिली तरी घेऊ नका. आणि माझं आजचं मत विचाराल तर माती विकत घेऊच नका. आहे त्याच मुरमातले मोठे दगड काढा, कुदळीने वीतभर फोडा आणि त्यात कुजलेलं शेणखत, पालापाचोळा आणि घरचं खत मिसळत राहा. पहिला हंगाम बेताचा येईल. दुसऱ्या वर्षी गांडुळं दिसतील. माझ्या पाचव्या वाफ्यात मी माती घातलीच नव्हती, कारण ट्रॉली चार वाफ्यांतच संपली. आज तोच वाफा सगळ्यात चांगला आहे.

शेणखत मात्र विकत घ्यावंच लागतं. ते गायरीतलं वर्षभर कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये, ओल्या मातीचा यावा, आणि मुठीत दाबलं की मोकळं सुटावं. ताजं असेल तर हुमणी घेऊन येतं आणि रोपं जाळतं. सांबऱ्याकडचं असो, कडोलीकडचं असो, ट्रॉलीचा दर गावापेक्षा अंतरावर ठरतो. दोन-तीन घरांनी मिळून एक ट्रॉली सांगितली तर प्रत्येकाला दीड-दोन हजारात पुरतं.

माती तपासून घ्यायची असेल तर कोपऱ्याकोपऱ्यातून पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्या. त्याच्या बाजूची पातळ चकती काढा, सगळं एकत्र मिसळून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो पिशवीत भरा. खत टाकण्याआधी हे करायचं. आपल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करा. बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पचं केएलईचं कृषी विज्ञान केंद्रही आपल्याच जिल्ह्यातलं. फॉर्म कन्नडमध्ये असतो, भरताना कुणी वाचणारं सोबत असू द्या. अहवालात पीएच किती ते आधी बघा. जास्त पावसाच्या तांबड्या जमिनीत तो आम्लाकडे झुकतो, तेव्हा थोडा चुना लागतो. साडेसहा ते सातच्या आसपास असेल तर काहीच करू नका. मी अहवाल यायच्या आधीच चुना आणून ठेवला होता, तो तसाच पडला आहे.

आता पाणी. इथे मी सगळ्यात जास्त पैसे घातले आणि सगळ्यात कमी विचार केला.

बेळगावात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. माझं छप्पर ६५० चौरस फुटांचं, म्हणजे ६० चौरस मीटर. १,२०० मिलिमीटरने गुणलं तर ७२,००० लिटर. वाया जाणारं धरून ५८ हजार लिटर हाती यावं. हा हिशेब केला आणि मी टाकी, कट्टा, पन्हाळ यांवर साडेबारा हजार घातले. चूक कुठे झाली? हे सगळं पाणी पडतं जून ते सप्टेंबरात, जेव्हा वाफ्याला थेंबाची गरज नसते. लागतं ते फेब्रुवारी ते मे. माझे पाच वाफे म्हणजे १४ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर धरलं तर रोजचे ८४ लिटर. चार महिन्यांचे दहा हजार लिटर. माझी टाकी हजाराची, बारा दिवसांत तळ दिसतो. दहा टाक्या ठेवायच्या तर सत्तर हजार रुपये, आणि ठेवायच्या कुठे?

बोअर मारायचा विचारही डोक्यात आला होता. खोदाई, केसिंग, मोटर आणि हेस्कॉमची वीजजोडणी धरून तो खर्च लाखाच्या घरात जातो. दीडशे चौरस फुटांच्या भाजीसाठी तो कधीच वसूल होत नाही. घराला पिण्याच्या पाण्याची अडचण असेल तर तो वेगळा प्रश्न. टँकरने भाजी जगवणं तर नकोच, टँकरच्या पैशात एपीएमसीतून महिन्याची भाजी येते.

मग करायचं काय? दोन गोष्टी. एक, उन्हाळ्यात वाफे कमी करायचे. पाचातले दोनच चालू ठेवायचे, त्यांना रोज ३५ लिटरच्या आसपास पुरतात. उरलेल्या तिन्हींवर भाताचं पिंजर नाहीतर उसाचा पाला चार बोटं जाड पसरून जमीन झाकून ठेवायची. हाच पाला चालू वाफ्यांवरही रोपांभोवती घातला तर पाणी आणखी कमी लागतं. मार्कंडेय नदीकाठच्या शिवारात सुगी झाल्यावर पिंजर स्वस्तात मिळतं, ओळखीच्या शेतकऱ्याकडे फुकटही. माझ्या सगळ्या खर्चात रुपयाला सगळ्यात जास्त मोल कशाने दिलं असेल तर या पिंजराने.

दोन, वापरलेलं पाणी. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत धरून बघा. आम्ही घरात पाच माणसं, आठवडाभर मोजलं तर रोज तीस ते चाळीस लिटर भरलं. उन्हाळ्यातल्या दोन वाफ्यांची गरज भागली! न्हाणीचं साबणाचं पाणी पालेभाजीवर टाकू नका. ते केळीला आणि कडेच्या झाडांना सोडा. जुन्या घरांत न्हाणीच्या तोंडाला केळ असायची ती यासाठीच. अळूही तिथेच असायचं, पण ते खायचं असेल तर साबणाच्या ओघळापासून चार हात लांब लावा.

टाकी अगदीच वाया गेली असं नाही. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. मधले दिवस टाकी सांभाळते आणि तिच्या उंचीवर ठिबक चालतं. पण त्या कामाला दोनशे लिटरचे दोन जुने ड्रम पुरले असते, प्रत्येकी नऊशे रुपयांत. ड्रममध्ये आधी काय भरलं होतं ते मात्र विचारून घ्या. रंगाचे आणि रसायनांचे नकोतच. आणि तोंड जाळीने बांधा, डास होतात.

पाण्याची दुसरी बाजूही आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेयचं पाणी शिवारात कसं पसरलं होतं ते या भागात कुणी विसरलेलं नाही. सखल प्लॉट असेल तर वाफे जमिनीपासून वीतभर उंच हवेतच, आणि पट्टीच्या कडेने पाणी वाहून जायला चर हवा. जुलैत भाजी मरते ती पाणी साचून, कमी पडून नव्हे. उभी रोवलेली जुनी कौलं उंच वाफ्याला चांगली धरून ठेवतात. जांभ्याच्या चिऱ्यांनी कडा केल्या असत्या तर पाच-सहा हजार लागले असते. ते दिसायला देखणं, पण पीक त्याने वाढत नाही.

काय लावावं? माझा नियम सरळ आहे. एपीएमसीत पोत्याने येतं ते घरी लावायचं नाही, मुठीने महाग मिळतं ते लावायचं. बेळगाव तालुक्यातले बटाटे आणि रताळी हाकेच्या अंतरावर उतरतात. एका वाफ्यात मला तीन महिन्यांनी सहा-सात किलो बटाटे निघाले, दोनशे रुपयांचे. त्याच वाफ्यात, तेवढ्याच काळात तीनदा मेथी घेतली तर प्रत्येक खेपेला पंधरा जुड्या निघाल्या. जुडी पंधरा रुपये धरली तरी ६७५ रुपये झाले. कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर हे सगळं बाजारातून आणा. कोथिंबीर, पोकळा, चुका, शेपू, पालक, हिरवी मिरची, पुदिना, आलं घरचं काढा. नवलकोल गड्ड्यासाठी नव्हे, पाल्यासाठी लावा. कोवळा पाला बाजारात कुणी विकत नाही आणि त्याची भाजी फार चांगली होते.

मृगाच्या आधी मंडप उभा करा आणि दोडका, कारलं, काकडी त्याच्या बुडाशी टोका. मेसकाठ्या या कामाला लोखंडी पाइपाच्या पाव किमतीत येतात आणि तीन पावसाळे टिकतात. बुडाला डांबर फासलं तर चौथाही. दोडक्या-कारल्याला फळमाशी हमखास लागते. क्यू ल्यूरचा सापळा शंभर-सव्वाशेला मिळतो, फुलं यायच्या आत टांगा. पावसात टोमॅटो आणि कोथिंबीर लावण्याचा हट्ट मी दोन वर्षं केला, दोन्ही वर्षं करपा आणि कूज. आता त्या तीन महिन्यांत मंडप, अळू, हळद आणि कडेला पावटा एवढंच. दसऱ्यानंतर पालेभाज्या, मुळा, बिनीस, टोमॅटो. थंडी रेंगाळते त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चांगलं चालतं. उन्हाळ्यात चालू ठेवलेल्या दोन वाफ्यांत पोकळा आणि भेंडी.

बियाण्यात एवढंच बघा की दरवर्षी विकत घ्यावं लागेल असं संकरित वाण घ्यायचं की घरी बी धरता येईल असं. बंगळूरजवळच्या हेसरघट्टच्या भारतीय बागायत संशोधन संस्थेची वाणं परड्याला चांगली आहेत. पिवळ्या केवड्याला तोंड देणारी ‘अर्का अनामिका’ भेंडी, पुन्हा पुन्हा कापता येणारा ‘अर्का सुगुणा’ राजगिरा, आणि मंडप न लागणारा बुटका ‘अर्का जय’ पावटा. तिन्हींचं बी मी घरीच धरतो. त्यामुळे १,८०० रुपयांचा बी-रोपांचा खर्च तिसऱ्या वर्षी पाचशेवर आला.

झाडांच्या बाबतीत हात आखडता घ्या. एक कढीपत्ता, एक शेवगा, एक केळ, एक-दोन पपया. लिंबू लावायचं तर कुंपणाच्या कडेला. रोपं तीस रुपयांपासून दोनशेपर्यंत मिळतात, म्हणजे खर्च काहीच नाही, पण खरी किंमत सावलीची असते. पट्टीत आंब्याचं कलम लावलं तर पाच वर्षांनी भाजी बंद. शेवगा दरवर्षी फळं संपल्यावर छाटला नाही तर तोही घराच्या वर जातो आणि शेंगा काढायला शिडी लागते. आमच्या कन्नड शेजाऱ्यांत एक म्हण आहे, ‘हित्तल गिड मद्दल्ला’, परसातलं झाड कुणाला औषध वाटत नाही. शेवग्याचं तसंच आहे. पाल्याची भाजी फुकट असते आणि लोक शेंगांचीच वाट बघतात.

गच्चीवर करायचं म्हणणाऱ्यांना एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. भिजलेली माती फार जड असते. फूटभर उंचीचा मातीचा थर एका चौरस मीटरला पाचशे किलो भरतो. घराची गच्ची बांधताना माणसांची ये-जा धरून चौरस मीटरला दीडशे किलोचा भार गृहीत धरतात. सहा बाय तीन फुटांची हिरवी मोठी पिशवी सातशे-नऊशे रुपयांत मिळते. तिच्यात काठोकाठ माती भरली तर आठ-साडेआठशे किलो वजन स्लॅबच्या मधोमध बसतं. असं करू नका. पिशव्या लहान घ्या, खाली भिंत किंवा तुळई असेल अशा कडेने मांडा, आणि माती तिसरा हिस्साच ठेवून उरलेलं कोकोपीट आणि गांडूळखत भरा. त्याआधी गच्ची गळत नाही याची पावसाळ्यात खात्री करा. गळती नंतर निघाली तर दुरुस्तीच्या खर्चापुढे भाजीचा हिशेब उरत नाही. बारा इंची पिशवी चाळीस रुपयांना, भरण्यासकट शंभर-सव्वाशेला पडते. वीस पिशव्यांत मिरची, वांगी, कोथिंबीर अडीच हजारांत होते.

कोंबड्यांबद्दल विचारणारेही बरेच असतात. सहा कोंबड्यांचं लोखंडी जाळीचं खुराडं वेल्डरकडून आठ-दहा हजारांत होतं. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने काढलेल्या गिरिराजा, स्वर्णधारा या जाती परड्यात राहतात आणि वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देतात. सहा कोंबड्यांची महिन्याला पंचाहत्तर अंडी, गावठी दराने नऊशे रुपये. एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य, म्हणजे सहा कोंबड्यांना महिन्याला वीस किलो, सातशे रुपये. हाती दोनशे राहतात, त्यातून राणीखेतची लस आणि खुराड्याचा खर्च. भाजीला विष्ठेचं खत मिळतं हा खरा फायदा, पण तेही कुजवूनच घालायचं. दाट वस्तीत वास आणि शेजार सांभाळावा लागतो, रात्री मुंगूस आणि मांजर. पहिली दोन वर्षं कोंबड्या नकोत असंच मी सांगतो. शेळी तर तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर नकोच.

आता मिळालं किती ते. दारातून आत येणारी प्रत्येक भाजी आम्ही वजन करून त्या दिवसाच्या बाजारभावाने वहीत लिहितो. पहिल्या वर्षी १०५ किलो, ६,२०० रुपयांची. दुसऱ्या वर्षी १९० किलो, ११,८०० रुपये, आणि वरखर्च ४,६००. तिसऱ्या वर्षी २१५ किलो, १३,६०० रुपये, वरखर्च ४,२००. सगळं वजा-जमा केलं तर तिसऱ्या वर्षाअखेर मी अजून ११,१६० रुपये मागे आहे. याच चालीने गेलं तर पाचव्या वर्षी भांडवल फिटेल. यात माझा रोजचा एक तास धरलेला नाही. तुम्ही भाजीवरचा खर्च वाचवायला म्हणून हे करणार असाल आणि माझ्यासारखी सुरुवात करणार असाल, तर करू नका.

पण सुरुवात वेगळी करता येते. आज मला पुन्हा करायचं असतं तर दोनच वाफे काढले असते, ६० चौरस फूट. कुदळ, खुरपं, बुट्टी ९५०. शेणखत शेजाऱ्याबरोबर अर्धी ट्रॉली २,०००. दोन जुने ड्रम १,८००. झारी २५०. बी ५००, रोपं ४००. मेसकाठ्या आणि तार ६००. निंबोळी पेंड दहा किलो ३५०. पिंजर २००. सगळे मिळून ७,०५० रुपये. माती नाही, टाकी नाही, ठिबक नाही. दोन वाफ्यांना झारीने पाणी घालायला वीस मिनिटं लागतात आणि त्या वेळात पानामागचे मावा-तुडतुडे, करप्याचा पहिला ठिपका डोळ्यांना दिसतो. ठिबक लावल्यावर मी चार-चार दिवस वाफ्याकडे फिरकत नव्हतो, आणि तेव्हाच मिरची बोकडली. हे सात हजार तिसऱ्या वर्षात नक्की फिटतात. दोन वाफे वर्षभर जमले की मग तिसरा काढा.

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत तर पहिल्या दिवसापासून सुरू करा. भोकं पाडलेला ड्रम किंवा दोन बाय दोनचा खड्डा, एक थर भाजीच्या देठांचा, एक थर सुक्या पानांचा, मूठभर शेणखत. तीन महिन्यांत वापरण्याजोगं होतं. आमच्याकडे वर्षाला सात-आठ बुट्ट्या भरतात आणि गांडूळखताच्या पिशव्या आता विकत आणाव्या लागत नाहीत.

शेणखत एप्रिलातच सांगून ठेवा. मे उजाडला की शेतकरी स्वतःच्या रानाला घालायला काढतात आणि दर वाढतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की नव्या लेआउटच्या कच्च्या रस्त्यावर ट्रॉली रुतते. मग ती कोपऱ्यावर रिकामी करून जातात, आणि तिथून परड्यापर्यंत बुट्टीने वाहायला एका माणसाचा पूर्ण दिवस, म्हणजे आणखी सातशे रुपये.